सहल नव्हे, धम्मयात्रा!

सुट्टीत दोन-तीन दिवस चिंचोटीला मुक्काम केला, तर मुलाबाळांना बरेच काही दाखविता येते. पूर्वेला तुंगारेश्वरचे जंगल, पश्चिमेला वसईचा किल्ला आणि समुद्र. पावसाळ्यात मात्र धबधब्याच्या डोहात कोणीही उतरू नये. तिथे अनेक तरुण जिवाला मुकले आहेत.

एक दिवस नालासोपाऱ्यासाठी राखून ठेवावा. प्राचीन शूर्पारक बंदर ते हेच. येथील स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही येथेच मिळाला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. या लेखाचा विषयच मुळी सहलीचा! पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, शिकार करीत, मौज करीत. अशोकाने त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केली. वृद्धांना भेटावे, दान द्यावे, खेड्यापाड्यांतील जनतेशी बोलावे, हा तिचा हेतू.

आम्हाला वाटते, आपल्या सहलीनेही हाच धडा घ्यावा. वसईच्या पूर्व पट्ट्यात आदिवासी पाडे आहेत. तेथून नुसते फोटो काढून पुढे जाऊ नका. दोन घटका बसा, पाण्याची, शाळेची, दवाखान्याची विचारपूस करा. आपल्या मुलांनाही ऐकू द्या. आपला समाज त्यांना तेथेच कळेल.