उधारीची वही तुमची, मग फाईलही तुमचीच हवी!



सीएसव्हीचा व्हिडिओ टाकला आणि एका दुकानदार मित्राचा फोन आला, "दादा, बिलाचं ॲप आहे की. मग कोडिंग कशाला?" प्रश्न रास्त आहे. माझं मत सांगतो. ॲप जरूर वापरा, पण माल, दर आणि उधारी दर आठवड्याला तुमच्या स्वतःच्या फाईलमध्ये उतरलीच पाहिजे.

आपल्या मेढा भागात बरीच गिऱ्हाईकं भात निघाल्यावर हिशोब पुरा करतात. चार-चार महिन्यांची उधारी विश्वासावर चालते. ॲप बंद पडलं, वर्गणी वाढली किंवा ऐन पावसात नेट गेलं, तर तो विश्वास कुठल्या कागदावर दाखवणार?

सीएसव्ही म्हणजे साध्या मजकुराची फाईल. एक ओळ म्हणजे एक नोंद, रकान्यांमध्ये स्वल्पविराम. नोटपॅडमध्ये उघडते, एक्सेलमध्ये उघडते, जीएसटीचं ऑफलाइन टूलही ती घेतं. ॲपमधून एक्स्पोर्ट होत असेल तर उत्तम. नसेल तर पायथनच्या दहा-बारा ओळी पुरतात.

पण एक जुगाड करू नका: मजकूर हाताने स्वल्पविराम लावून जोडणं. मालाचं नाव "हळद पावडर, २०० ग्रॅम" असेल, तर एका रकान्याचे दोन होतात आणि दर नगाच्या जागी जाऊन बसतो. रक्कम १,२५,००० अशी लिहिली, तर एकीचे तीन तुकडे! पायथनचं सीएसव्ही मॉड्यूल अशा मजकुराला आपोआप अवतरणचिन्हं लावतं. ते २००३ पासून, म्हणजे २.३ आवृत्तीपासून पायथनसोबतच येतं. वेगळं काही विकत घ्यायचं नाही.

फाईल उघडताना तीन गोष्टी बघा:

१. न्यूलाइन रिकामं ठेवा. नाहीतर विंडोजवर प्रत्येक नोंदीनंतर एक कोरी ओळ येते.

२. एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्या. नाहीतर एक्सेलमध्ये मराठी नावांच्या जागी भलतीच अक्षरं दिसू शकतात.

३. 'डब्ल्यू' मोड त्याच नावाची जुनी फाईल पुसून टाकतो. म्हणून फाईलच्या नावातच तारीख घाला.

आता एक्सेलबद्दल. हळदीचा एचएसएन ०९१०. फाईलमध्ये शून्य असतो, पण डबल क्लिक करून उघडली की एक्सेल त्याला आकडा समजतं आणि ९१० दाखवतं. १३ अंकी बारकोडचंही तसंच, ८.९ई+१२ असं काहीतरी दिसतं. तसंच सेव्ह केलं, तर मूळ आकडा गेला. म्हणून डेटा मेनूतून फाईल आत घ्या आणि तो रकाना 'टेक्स्ट' ठेवा.

काहीजण म्हणतील, एवढं शिकायला वेळ कुणाला आहे? अहो, जीएसटी शिकलो, यूपीआय शिकलो, तेव्हा तरी कुठे वेळ होता? हे तर एका दुपारचं काम आहे. शिवाय फाईल तुमच्या हातात असली, की ॲप बदलायचं स्वातंत्र्य तुमचं. आज अनेकजण ॲप आवडतं म्हणून नव्हे, तर डेटा अडकलाय म्हणून पैसे भरतायत. मला हे पटत नाही.

सुरुवात उधारीच्या यादीपासून करा. नाव, तारीख, रक्कम, जमा, असे चार रकाने. फाईल पेनड्राइव्हवर घ्या, आणि एक प्रत घरी ठेवा, दुकानात नको.