सावळ्या रंगाला गुलबक्षीचं वावडं नाही

सावळ्या किंवा गव्हाळ मुलीने गुलाबीच्या वाटेला जाऊ नये. विटकरी, गाजरी, तपकिरी यांतच राहावं, कारण आपली त्वचा मुळातच पिवळसर, म्हणजे ‘वॉर्म’. साताऱ्याच्या राजवाड्यापासून सांगलीच्या गणपती पेठेपर्यंत हे मत इतकं मुरलंय, की ते कुणी तपासून बघत नाही. लिपस्टिक मागायची खोटी, चेहरा बघून आधी तपकिरी पुढे केली जाते. माझ्या मते हे साफ चूक आहे. त्यापायी कितीतरी मुलींचे चेहरे ऐन लग्नाच्या दिवशी उतरलेले, कावीळ झाल्यासारखे दिसतात.

चुकीचं मूळ हे, की त्वचेचा गडदपणा आणि त्वचेची झाक या दोन वेगळ्या गोष्टी आपण एकच धरतो. गडदपणा ठरतो मुख्यतः मेलॅनिन किती यावर. झाक मात्र मेलॅनिनचा प्रकार, खालच्या रक्तातलं हिमोग्लोबिन आणि त्वचेतलं कॅरोटीन यांच्या मेळातून येते. म्हणून गोरीपान मुलगी पिवळसर झाकेची असू शकते आणि चांगली सावळी मुलगी निळसर-गुलाबी किंवा राखट झाकेची, म्हणजे ‘कूल’. कूल म्हणजे गोरी, हा तर निव्वळ गोरेपणाच्या वेडातून आलेला समज. ते वेड इतकं जुनं आहे, की १९७५ मध्ये बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चं नाव बदलायला २०२० उजाडावं लागलं.

माणसांच्या वर्णाची ऋतूंत वाटणी करून कुणाला कुठले रंग शोभतात हे सांगणारेही इथे घसरतात. बाउहाउसमधले चित्रकलेचे शिक्षक योहानेस इटेन यांनी माणसाचा वर्ण आणि त्याला आवडणारे रंग यांचं नातं मांडलं, आणि १९८० च्या ‘कलर मी ब्यूटिफुल’ या पुस्तकातून कॅरोल जॅक्सन यांनी चार ऋतूंची वाटणी घरोघरी नेली. वसंत आणि शरद उबदार, हिवाळा आणि उन्हाळा थंड. सांगलीच्या एप्रिल-मेची काहिली सोसलेल्या माणसाला उन्हाळा थंड कसा हे कळणार नाही; पण तो उन्हाळा युरोप-अमेरिकेतला, धूसर, मवाळ उजेडाचा आहे. महत्त्वाचं हे, की जॅक्सन यांनी बहुतेक सावळ्या आणि आशियाई लोकांना सरसकट हिवाळ्यात, म्हणजे थंड गटात टाकलं होतं. आज त्याच वाटणीच्या आधारे आपल्याला सरसकट उबदार ठरवलं जातं. दोन्ही निकाल एकाच दोषाचे: कोट्यवधी माणसांची त्वचा न बघता दिलेले.

मनगटाच्या शिरा बघायची कसोटीही अशीच. हिरव्या दिसल्या तर वॉर्म, निळ्या दिसल्या तर कूल. शिरेतलं रक्त निळं नसतं, हिरवंही नसतं. शीर किती खोल, किती जाड, त्वचेतून प्रकाश कसा विखुरतो आणि डोळा तुलना कशी करतो, यांतून तो रंग भासतो, हे १९९६ मध्येच ‘अप्लाइड ऑप्टिक्स’ या नियतकालिकात किनले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. मेलॅनिन निळा प्रकाश जास्त शोषतं, त्यामुळे गव्हाळ हातावर शिरा हिरवटच दिसण्याचा संभव मोठा. मग कसोटीचा निकाल आधीच लागलेला.

सोनं शोभतं म्हणून वॉर्म, ही दुसरी कसोटी. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायला देशभर गेले, आणि गाडगीळांची पेढी सांगलीत १८३२ साली उभी राहिली. अशा मुलखात सोनं न शोभणारी बाई कुणाला दिसणार? डोळ्याला सवय सोन्याची. शिवाय मंगळसूत्रात सोन्याच्या जोडीला काळे मणी असतात, आणि काळा तर हिवाळा गटाचा हक्काचा रंग.

पण सगळ्यांत मोठी फसगत होते ती हळदीने. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरच्या हळद साठवायच्या पेवांनी आणि सांगलीच्या बाजाराने तिचं नाव दूरवर नेलं. तिचा रंग देणारं कर्क्युमिन तेलात विरघळतं, आणि तेलात कालवलेली हळद त्वचेच्या वरच्या थरात बसते. एका धुण्यात ती निघत नाही. आदल्या दिवशी हळद लागते, दुसऱ्या दिवशी पहाटे पिवळ्या एलईडीखाली मेकअपवाली फाउंडेशन जुळवते. तिला दिसते ती हळदीची झाक, मुलीची नव्हे. त्यावर सोनेरी बेस, वर पीच ब्लश, केशरी लिपस्टिक. दुपारी उन्हात मांडवाबाहेर आली की चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या. म्हणून माझा आग्रह असा, की ट्रायल हळदीच्या आधी किमान आठवडाभर, दिवसाउजेडी, खिडकीपाशी व्हावी, आणि फाउंडेशन मनगटावर नव्हे, जबडा आणि मान यांच्या सांध्यावर लावून बघावं.

‘ही सगळी विक्रीची थोतांडं’ असं म्हणणाऱ्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. बारा-सोळा ऋतूंच्या बारीक वाटण्यांना प्रयोगाचा भक्कम आधार नाही, आणि पैसे मोजून ऋतू विकत घ्यायची गरजही नाही. पण शेजारचा रंग चेहऱ्याचा रंग बदलून दाखवतो, हे थोतांड नव्हे. पॅरिसच्या गोबेलिन या विणकामाच्या कारखान्यातल्या रंगशाळेचे रसायनज्ञ शेव्रल यांनी १८३९ मध्ये रंगांच्या परस्परविरोधाचा नियम सविस्तर मांडला. वर्ण आणि वस्त्र यांचाही विचार त्यात आहे. तो घरी पडताळता येतो. चेहरा धुवा, केस मागे बांधा, एकदा अबोली आणि एकदा गुलबक्षी कापड हनुवटीखाली धरा. अबोलीने डोळ्यांखालचं काळं गडद झालं, ओठांभोवती पिवळेपणा आला, आणि गुलबक्षीने चेहरा सावरला, तर तुम्ही थंड झाकेच्या. रंग सावळा असो की निमगोरा.

अशा मुलीसाठी काय? लाल हवाच, पण केशरीकडे झुकणारा नव्हे, निळसर पोटाचा. मग डाळिंबी, वाइन, जांभळट बेरी, राणी. केस-डोळे काळेभोर आणि नजर ठसठशीत असेल तर हे रंग पूर्ण जोरात लावावेत. रूप मवाळ, केस जरा राखट असतील तर तेच रंग दुधाळ करून: फिकट गुलाबाचा, कोकमाच्या सरबताचा, मंद जांभळा. गालावर पीच टाळावा. सावळ्या गालावर फिकट बेबी पिंक पांढुरका पडतो, तिथे वांगी किंवा गर्द गुलाबी हवा. डोळ्यांना काजळ, गर्द निळा, करडा, रुपेरी. तांबूस ब्रॉन्झ नको. बाटलीवरच्या अक्षरावर विसंबू नये. मॅकच्या फाउंडेशनांत ‘एनसी’तला सी कूलचा असूनही त्या छटा सोनेरी झाकेच्या त्वचेसाठी असतात, गुलाबीसाठी ‘एनडब्ल्यू’.

राहता राहिली पिवळी अष्टपुत्री. ती नेसायची म्हणून ओठही पिवळसर हवेत, हा हट्ट सोडा. साडी विधीची आहे, ती तशीच राहू दे. हिरवा चुडाही राहू दे. चेहऱ्यालगत गर्द डाळिंबी ओठ आणि गुलबक्षी शेला आला, की पिवळ्याचा चेहऱ्यावर पडणारा भार पुष्कळ हलका होतो.