ग्रिनिचला नदीवाटेने

लंडनच्या पूर्वभागात, थेम्सच्या दक्षिण तीरावर वसलेल्या ग्रिनिच या उपनगराची एका दिवसाची सहल वेस्टमिन्स्टरहून बोटीनेच करावी. कारण 1675 मध्ये नौकानयनाच्या सोयीसाठी स्थापन झालेल्या तेथील वेधशाळेचे खरे प्रेक्षक नदीवरच होते. तिच्या छपरावर 1833 मध्ये बसवलेला कालगोल, म्हणजे दुपारी ठीक एक वाजता खांबावरून खाली येणारा मोठा गोळा, पाहून खलाशी आपली कालमापके, म्हणजे समुद्रात रेखांश काढण्यास लागणारी अचूक घड्याळे, जुळवून घेत. 1884 मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेने येथील रेखावृत्त शून्य मानले. मुंबईने मात्र, आणि ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशीच आहे, ग्रिनिचवरून ठरवलेली प्रमाणवेळ 1906 मध्ये लागू झाल्यावरही आपली स्थानिक वेळ अनेक दशके सोडली नाही. लंडनला जाणाऱ्या वाचकांनी ग्रिनिच गाठताना रेल्वे टाळावी आणि त्या खलाशांप्रमाणे नदीवाटच धरावी.