मेनांद्रोसचा मिलिंद कसा झाला?



बारशाच्या नावांविषयीची पत्रे या पानाकडे नेहमीच येतात. ‘र’वरून नाव सुचवा, जुळ्यांना शोभेलशी जोडी सांगा, तीन अक्षरी हवे पण जोडाक्षर नको, अशा नाना फर्माइशी असतात. या खेपेला विदर्भातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे, ते मात्र जरा निराळे आहे.

त्यांचे यजमान गेल्या वर्षी गेले. नाव मिलिंद. आता मुलाला मुलगा झाला आहे आणि बारसे तोंडावर आले आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवावे अशी आजींची फार इच्छा. सूनबाई म्हणते, “आई, नाव छान आहे, पण जुनं झालं.” आणि मुलगा म्हणतो, “अगं, ते तर आपलं नावच नाही. ग्रीक नाव आहे ते.” हे खरे का, असे त्यांनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, की आमच्या घरात नवऱ्याचे नाव घ्यायची रीत नव्हती, उखाण्यात घेतले तेवढेच. आता नातवाच्या निमित्ताने तरी ते मोठ्याने हाकारावेसे वाटते.

बाई, तुमचा मुलगा म्हणतो ते खरे आहे. पण ती अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी आज सांगते. इतर जणींनीही ऐकावी, कारण तुमच्या माहेरी, सासरी, निदान शेजारी तरी एखादा मिलिंद असणारच.

या नावाचे मूळ रूप ‘मेनांद्रोस’. इंग्रजी पुस्तकांतून आपण त्याला ‘मिनँडर’ म्हणतो. त्याचा अर्थ काय? जाणकार त्याची फोड दोन तऱ्हांनी करतात. ‘अँद्रोस’ म्हणजे पुरुषाचा, याविषयी वाद नाही. पहिला भाग ‘मेनो’ या क्रियापदाचा धरला, तर अर्थ होतो ठाम उभा राहणारा, जागा न सोडणारा पुरुष. तो ‘मेनोस’ या शब्दाचा धरला, तर अर्थ होतो मनाच्या बळाचा, जोमाचा पुरुष.

आता गंमत पाहा. ग्रीक ‘मेनोस’ आणि आपला संस्कृत ‘मनस्’ हे एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. पुरुष या अर्थाचा ग्रीक ‘अनेर’ आणि आपला ‘नृ’, ज्याच्यापासून नर शब्द आला, हेही एकाच घरचे. म्हणजे ज्याला आपण परक्याचे नाव म्हणतो, त्याच्या पोटात मनही आहे आणि नरही आहे. दूरच्या चुलतघराण्यातले नाव म्हणा हवे तर!

जुन्या ग्रीसमध्ये हे नाव काही दुर्मिळ नव्हते. अथेन्सच्या सैन्यात मेनांद्रोस नावाचा एक सेनानी होता, अलेक्झांडरच्या अधिकाऱ्यांतही एक होता. पण सर्वांत गाजला तो नाटककार. इ.स.पूर्व ३४२ च्या सुमारास तो अथेन्समध्ये जन्मला. शंभरावर विनोदी नाटके त्याने लिहिली. त्याच्या नाटकांत देवांच्या लढाया नाहीत. हट्टी बाप, प्रेमात पडलेला मुलगा, आगाऊ आचारी, चतुर नोकर, अडलेले लग्न असा सगळा घरगुती मामला!

त्याच्या एका नाटकात क्नेमोन नावाचा तिरसट म्हातारा आहे. बायको त्याला कंटाळून आपल्या पहिल्या घरच्या मुलाकडे राहायला गेली आहे. हा आपल्या लेकीला घेऊन शेतावर राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर धावून जातो. एका श्रीमंत तरुणाचे मन त्या मुलीवर जडते, पण बापापुढे जायची सोय नाही. शेवटी म्हातारा विहिरीत पडतो. ज्याला त्याने कधी जवळ केले नाही, तो बायकोचा मुलगाच त्याला वर काढतो. मग स्वारी नरमते आणि लग्न पार पडते. इ.स.पूर्व ३१६ च्या सुमारास रंगभूमीवर आलेले हे नाटक मधल्या काळात हरवले होते. इजिप्तमध्ये मिळालेल्या पपायरसच्या पानांवरून ते १९५८ साली पुन्हा छापले गेले. मेनांद्रोसचे जवळजवळ पूर्ण हाती आलेले नाटक हे एवढेच.

मग इतके मोठे नाव त्याच्या माहेरीच मागे का पडले? याचे उत्तर ग्रीक घरांच्या रीतीत आहे, आणि ती रीत तुम्हाला ओळखीची वाटेल. तिकडे पहिल्या मुलाला बहुधा वडिलांच्या वडिलांचे नाव ठेवतात. आजोबा यॉर्गोस, नातू यॉर्गोस. शिवाय ख्रिस्ती धर्म रुजल्यावर संतांची नावे ठेवायची पद्धत पडली. ज्या संताचे नाव, त्या संताचा दिवस हा आपला ‘नामदिन’. त्या दिवशी घर उघडे, येईल त्याला गोडधोड. वाढदिवसापेक्षाही या दिवसाचे कौतुक जास्त. साहजिकच येऑर्गिओस, इओआनिस, कोन्स्तांदिनोस, दिमित्रिओस, निकोलाओस अशा मोठ्या संतांची नावे घरोघर झाली आणि आजोबांकडून नातवाकडे जात राहिली. मेनांद्रोस नावाचाही एक हुतात्मा आहे, १९ मे हा त्याचा दिवस. पण तो इतरांच्या सोबतीने स्मरला जाणारा लहान संत. त्याच्या नावाची मोठी जत्रा भरत नाही.

१८२१ साली तुर्की सत्तेविरुद्ध ग्रीकांचा स्वातंत्र्यलढा सुरू झाला. त्या काळात पूर्वजांची नावे पुन्हा हौसेने ठेवू लागले. लिओनिदास, पेरिक्लिस, थेमिस्तोक्लिस अशी वीरांची नावे परत आली. विनोदी नाटके लिहिणारा मेनांद्रोस मात्र या लाटेतही मागेच राहिला. आजच्या ग्रीसमध्ये या नावाचा माणूस क्वचितच भेटतो. आजोबांचे नाव नातवाला देण्याची साखळी एकदा तुटली, की नाव असे विरळ होत जाते.

पण ग्रीसमध्ये विरळ झालेले हे नाव एका दुसऱ्याच वाटेने आपल्याकडे पोचलेले होते.

अलेक्झांडरच्या स्वारीनंतर अफगाणिस्तानात आणि पुढे पंजाबात ग्रीकांची राज्ये उभी राहिली. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्याला त्यांच्यातला सर्वांत नामांकित राजा होऊन गेला, त्याचे नाव मेनांद्रोस. त्याची राजधानी साकल, पालीत सागल. म्हणजे आजच्या पाकिस्तानातले सियालकोट, असे मानतात. त्याचा जन्मही इकडचाच. पाली ग्रंथ त्याचे जन्मगाव ‘अलसंद’ बेटातले कलसी असे सांगतो. हे अलसंद म्हणजे काबूलच्या उत्तरेचे एक अलेक्झांड्रिया असावे, असे बरेच अभ्यासक धरतात.

त्याची चांदीची नाणी पुष्कळ सापडली आहेत. एका बाजूला ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत आपल्या प्राकृत भाषेत ‘महाराजस त्रातरस मेनंद्रस’. म्हणजे ‘महाराज, त्राता मेनंद्र याचे’. नाव असे इथल्या बोलीत उतरले. ही नाणी भडोचच्या बाजारात इसवी सनाच्या पहिल्या शतकातही चालत होती, असे एका ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात नोंदलेले आहे. राजाला जाऊन तोवर दोनशेच्या आसपास वर्षे होत आली होती!

मेनंद्राचा मिलिंद झाला तो पाली भाषेत. ‘न’चा ‘ल’ कसा झाला म्हणाल, तर आपल्याच अंगणात पाहा. संस्कृतात निंब, आपण म्हणतो कडुलिंब. उलटही होते. संस्कृतात लांगल, आपण म्हणतो नांगर. जीभ आपल्या सोयीने अक्षरे बदलत असते. काश्मीरच्या क्षेमेंद्राच्या संस्कृत ग्रंथात हाच राजा ‘मिलिंद्र’ होतो, चिनी भाषांतरात ‘मिलान’ होतो. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा असाही अर्थ आहे. बारशाच्या पुस्तकांतून बहुधा तेवढाच देतात आणि राजा राहून जातो.

हा राजा आपल्याला आठवतो तो ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथामुळे. पञ्ह म्हणजे प्रश्न. मिलिंद राजा प्रश्न विचारतो आणि नागसेन नावाचे बौद्ध भिक्षू उत्तरे देतात. या दोघांची पहिली गाठ पडते तेव्हा बोलणे निघते ते नावावरूनच, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. राजा नाव विचारतो. भिक्षू म्हणतात, मला नागसेन म्हणतात खरे, आईबाप असली नावे ठेवतातच, पण ती हाक मारायची सोय आहे. नागसेन नावाची वेगळी वस्तू आत शोधाल तर सापडायची नाही. राजा हसतो, वाद घालतो. मग भिक्षू त्याला त्याच्याच रथाविषयी विचारतात. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? दांडी, जू? एकेक बाजूला ठेवले तर रथ कुठे आहे? राजाला कबूल करावे लागते, की हे सारे एकत्र आले म्हणजे आपण त्याला रथ म्हणतो.

हरूनही मान राखणारा, विचारायला न लाजणारा असा हा राजा. तो गेल्यावर त्याच्या अस्थींसाठी नगरांत चढाओढ लागली आणि त्या वाटून घेऊन प्रत्येकाने त्यावर स्मारके बांधली, असे प्लुटार्क हा ग्रीक लेखक सांगतो.

आपल्याकडे या नावाला नवे तेज आले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाते आणि त्याच्या परिसराला नाव आहे नागसेनवन. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघेही शेजारी शेजारी! १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध घरांत या नावाला वेगळाच मान आला. इतर घरांतही ते रुळले. मिलिंद सोमण, मिलिंद गुणाजी ही नावे तर सगळ्यांच्या तोंडी आहेत. ग्रीसमध्ये मेनांद्रोस शोधावा लागतो, आणि आपल्याकडे चाळीच्या आवारात “ए मिल्या” म्हणून हाक मारली तर दोघे तिघे वळून पाहत! आता मात्र नव्या बारशांत ते कमी ऐकू येते.

तर बाई, आता तुमच्या प्रश्नाकडे.

मुलाला सांगा, की हे नाव ग्रीकांचे होते, पण एकवीसशे वर्षे ते या भूमीत राहिले, इथल्या नाण्यांवर आले आणि इथल्या भाषेत नवे झाले. इतकी वर्षे नांदलेल्याला परके कसे म्हणायचे? लग्न होऊन चाळीस वर्षे झाल्यावर आपल्याला कुणी ‘बाहेरून आलेली’ म्हटले तर चालेल का?

सूनबाईला जुने वाटते, तिलाही रागावू नका. आईने मुलाला दिवसातून शंभरदा हाक मारायची असते. ती हाक तिच्या मनातून यायला हवी. आपण सुना होतो तेव्हा नावाचा निर्णय आपल्याला कुणी विचारला नाही, म्हणून तिलाही विचारू नये, असे तर नाही ना? तिला सगळी गोष्ट एकदा निवांतपणे सांगा. आजोबांचे नाव म्हणून भीड घालू नका, नाव म्हणून आवडते का ते पाहू द्या. वेगळे काही हवे असेल, म्हणून नवी नावे ती धुंडाळत असेल, तर ज्याच्या नावाचे नाणे भडोचच्या बाजारात चालले असे नाव वर्गात आणखी कितीजणांचे असणार आहे?

तरीही तिने दुसरे नाव पसंत केले, तर आनंदाने घुगऱ्या वाटा. बारशाला नावे एकाहून अधिक ठेवायची आपली रीत आहेच. आत्या कानात ‘कुर्र’ करील तेव्हा मिलिंद हे पाळण्यातले नाव म्हणून सांगायला कुणाची हरकत असणार? कागदावर दुसरे राहील, तुमच्या ओठांवर हे.

आणि एक गोष्ट नागसेनांकडून घ्या. नाव म्हणजे माणूस नव्हे. नातवाला मिलिंद म्हटल्याने यजमान परत यायचे नाहीत, आणि त्याला दुसरे काही म्हटल्याने ते पुसलेही जायचे नाहीत. ते आहेत ते तुमच्या संसाराच्या चाकात, आसात, जुवात. त्या बाळावर आजोबांचे ओझे घालू नका. तो वेगळा निघेल, त्याला निघू द्या.

यजमानांचे नाव मोठ्याने घ्यायला बारशाची वाट तरी कशाला पाहायची? आता तुम्हाला कोण अडवणार आहे? संध्याकाळी दिवा लावून झाला, की नातवाला मांडीवर घ्या आणि सांगा, तुझ्या आजोबांचं नाव मिलिंद होतं. मग राजाची गोष्ट सांगा. त्याला कळायला अजून वेळ आहे. सूनबाई मात्र स्वयंपाकघरातून ऐकत असेल.