अंगण विकून निसर्गाकडे?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने नव्या सदनिकेला आशीर्वाद देण्यासाठी आम्हांला बोलाविले. जुने कौलारू घर पाडून, भोवतालच्या वाडीसह जागा विकासकाच्या हाती सोपवून, त्या बदल्यात मिळालेली ही सदनिका. प्रार्थना झाली, सरबत झाले. मग यजमान उत्साहाने म्हणाले, "फादर, पुढच्या शनिवारी आम्ही सगळे रिसॉर्टला चाललो आहोत. अगदी गावासारखे आहे तिथे. विहीर आहे, अंगणात बाजा टाकलेल्या असतात, चुलीवरचे जेवण मिळते. मुलांनी हे बघायला हवे ना!" कोपऱ्यात बसलेल्या आजी म्हणाल्या, "विहीर तर आपली पण होती." कोणी उत्तर दिले नाही. आम्हीही दिले नाही. ते उत्तर आज येथे देत आहोत.

आमचे म्हणणे असे, की वाडीतल्या घराचे सुख ही तिकीट काढून पाहण्याची वस्तू नव्हे. ते श्रमाच्या पोटी जन्मते आणि ऋतूंच्या क्रमाने येते. शनिवारी जाऊन रविवारी परतणाऱ्याला त्याची केवळ नक्कल भेटते.

वाचकहो, जरा आठवून पाहा. मृगाआधी घर शाकारायचे, फुटकी कौले बदलायची, सरपण माळ्यावर चढवायचे, बोंबील, सोडे, जवळा उन्हात खडखडीत वाळवून डब्यांत भरायचा. ज्याने हे सारे केले, त्यालाच पहिल्या पावसाचा कौलांवरचा आवाज गोड लागे. त्या आवाजात "आपले घर कोरडे आहे" हे समाधान मिसळलेले असे. मग शेवळे उगवत. घशाला खाज सुटू नये म्हणून काकडांबरोबर शिजवून त्यांची भाजी होई. चढणीच्या माशांसाठी पोरे ओहोळात उतरत. बावखल काठोकाठ भरे आणि रात्रभर बेडूक कोणालाही झोपू देत नसत.

सप्टेंबरात मारियामातेच्या जन्मोत्सवाचा नोव्हेना आला, की मुले वाडीतील फुलांनी परडी भरून देवळात येत. आज बाजारातून आणलेल्या फुलांची पुडी दारात सोडली जाते. फुले तीच असतील. पण पहाटे दवात पाय भिजवून ती खुडण्याचे अर्पण त्यांत उरलेले नाही.

थंडीत वालाची पापडी, शेकोटी, आणि सुकेळी. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, दिवसा उन्हात मांडायची, सांज होताच दवापासून झाकायची, सकाळी पुन्हा उघडायची. कित्येक दिवस ही राखण केल्यावर ती मधासारखी होत. वसईची ही मिठाई घाईत होत नाही, हाच तिचा धडा होता. उन्हाळ्यात अंगणात बाजा पडत, क्रुसापुढे रोझरी होई, आणि शेजारी बोलाविल्याविना येत. उपवासकाळाच्या शेवटी झावळ्यांच्या रविवारी हाती धरायची झावळी आपल्याच माडाची असे.

यावर आमचे बांधव जे आक्षेप घेतात ते खोटे नाहीत. पहिला आक्षेप बहुधा भगिनींचा असतो: "फादर, शेणाने सारवून कंबर कोणाची मोडत होती? पाणी कोण ओढत होते?" आम्ही मान खाली घालतो. गावच्या घराची गोड वर्णने बहुतेक पुरुषांनी लिहिली, आणि सारवण मात्र बायकांच्या वाट्याला आले. दुसरा आक्षेप: भावाभावांत वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे झाले, मुलांच्या शिक्षणाला पैसा लागतो, केळीच्या बागेवर संसार चालत नाही. हेही खरे. म्हणूनच शेणाची जमीन जपा असा आग्रह आम्ही धरत नाही. फरशी घाला, पंप बसवा, स्वयंपाकघरात गॅस असू द्या, आणि पुरुषांनीही हाती झाडू घ्यावा. गळके कौल म्हणजे संस्कृती नव्हे. परंतु घर सुधारणे वेगळे आणि घराभोवतीची माती, पाणी, झाड पुसून टाकणे वेगळे. पहिल्याच्या नावाखाली दुसरे चालले आहे, हा आमचा आरोप आहे.

हा केवळ सुखाचा प्रश्न असता तर आम्ही इतके कठोर लिहिले नसते. उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र: तीन बाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेल्या भूमीत आपण राहतो. येथील जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर थराप्रमाणे तरंगते. उपसा वाढला आणि वरून पाणी मुरेनासे झाले, की खारे पाणी वर चढते आणि विहीर कायमची मचूळ होते. पूर्वजांनी वाडीवाडीत बावखले खणली, ती याच जमिनीत पावसाचे पाणी मुरवीत होती. रहाटाने त्याच पाण्यावर पानवेली आणि केळी जगल्या. आज बावखलात प्रथम कचरा पडतो, मग राडारोडा, मग एके दिवशी तेथे वाहनतळ होतो. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर पाण्यात बुडाला, वीज गेली, रेल्वे बंद पडली. तेव्हा आपण पावसाला दोष दिला. पाण्याच्या जागा आपणच बुजविल्या होत्या, हे म्हणण्याचे धैर्य थोड्यांनी दाखविले.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून या भूमीसाठी लढा दिला. त्यासाठी त्यांनी धमक्या सोसल्या. २०२४ साली ते निवर्तले. आपण त्यांना मोठी श्रद्धांजली वाहिली. परंतु त्या लढ्यात शत्रू बाहेरचा होता, निदान तो बाहेरून आल्यासारखा दिसत होता. आज करारावर सही करणारा हात आपल्या घरातला आहे. विकासकाला शिव्या देणे सोपे. चहाला बोलाविणारे आपणच असतो.

आणि आम्ही स्वतः? आमच्या देवळाच्या आवारात पूर्वी लाल माती होती, चिंचेखाली सावली होती. सणाच्या दिवशी वाहनांना चिखल नको, म्हणून काही वर्षांपूर्वी तेथे सिमेंटच्या लाद्या बसविल्या. निर्णय आमचाच. पाहुण्यांनी स्वच्छतेचे कौतुक केले, आम्ही सुखावलो. आता एप्रिलात त्या लाद्यांवर मुलांना अनवाणी उभे राहवत नाही, आणि पावसाचे पाणी सरळ गटारात जाते. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीला आपले सामाईक घर म्हणून संबोधिले. त्यांच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकावर आम्ही प्रवचन केले, ते याच आवारात उभे राहून! दुसऱ्यांना बोल लावण्यापूर्वी हा दोष आम्ही पदरी घेतो. येत्या पावसाळ्याआधी निम्म्या लाद्या उखडण्याचा प्रस्ताव आम्ही धर्मग्राम परिषदेपुढे ठेवला आहे.

तुमच्याकडून आमची मागणी थोडी आहे. बावखल असेल तर ते बुजवू नका. गाळ काढण्यास मनुष्यबळ लागले तर आम्हांला सांगा, युवकांना घेऊन आम्ही येऊ. छपराचे पाणी विहिरीत सोडा. घर नव्याने बांधायचे झाले तर चार झाडे आणि हातभर उघडी माती राखा. आणि करारावर सही करण्यापूर्वी घरातील आजीला विचारा. तिने आयुष्यभर ती वाडी शिंपली. तिचे मत घेण्यास खर्च नाही.

आमच्या त्या यजमानांना हे वाचून राग आला, तर त्यांनी अवश्य यावे. लाद्या उखडताना हाताला हात लागेल, आणि बोलणेही होईल.