ठासणीच्या बंदुकीचा घोडा

कर्जतच्या खांडस परिसरात आणि खालापूरच्या डोंगरउतारांवरील वरकस जमिनींत पीक हाताशी येताच रानडुकरांचा उपद्रव सुरू होतो, आणि ज्या कास्तकाराजवळ शेतसंरक्षणाचा परवाना आहे, तो बंदूक घेऊन रात्र रात्र माळ्यावर जागतो. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या 13 व्या कलमाने शेतसंरक्षणासाठी प्रथम ठासणीचीच बंदूक योजिली आहे. परंतु आधुनिक रायफलीला असते तशी चाप अडवून धरणारी स्वतंत्र कळ या बंदुकीला बहुधा नसते. तिची सारी भिस्त घोडा अर्धवट ओढून अडकवण्याच्या अर्ध्या खाचेवर. ती झिजली, की बंदूक नुसती आपटल्यानेही बार उडू शकतो. शिवाय एकदा ठासलेली दारू नळीतून सहजी निघत नसल्यामुळे, भरलेलीच बंदूक आढ्याला टांगण्याचा मोह होतो, आणि घरात तर मुले वावरत असतात.

खरी कळ माणसाच्या बोटात असते, यंत्रात नव्हे, असे मत हौशी नेमबाजांत ऐकू येते. त्यातील शिस्तीचा आग्रह मला सर्वथा मान्य आहे. तथापि दिवसभर कापणी करून रात्री राखणीस बसलेल्या माणसाच्या पेंगुळलेल्या बोटावर एवढा भार टाकणे अन्यायाचे होय. 2016 च्या शस्त्र नियमांनी अर्जदारास प्रशिक्षण आवश्यक केले, हे योग्यच झाले. त्याच्या जोडीला परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी घोड्याची खाचही जाणत्या कारागिराकडून तपासली जावी.

परवानाधारक बांधवांनो, माळ्यावरून उतरण्यापूर्वी घोड्याखालची, बार पेटवणारी केप काढा, आणि भरलेली बंदूक उंबरठ्याच्या आत आणू नका.