धूर कुणाच्या मालकीचा?

कला शाखेच्या विद्यार्थिनीने कारखान्याच्या धुरावर लिहावे, हे अनेकांना विचित्र वाटेल. ‘तुझा विषय राज्यशास्त्र, तुला चिमणीशी काय करायचंय?’ असे एका मैत्रिणीने मला विचारलेही. धुराचे रसायन विज्ञान शाखेने जरूर शिकावे. पण धूर कुणी सोडायचा, कुणी गिळायचा आणि तो स्वच्छ करण्याचा खर्च कुणी सोसायचा, हा प्रश्न राज्यशास्त्राचाच आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व ठरवले आणि नागरिकांचे मूलभूत कर्तव्यही. परीक्षेत हे कलम लिहून आपण गुण मिळवतो. पण ते कलम चिमणीच्या टोकापर्यंत पोचते का, हे पाहायला कुणी वर मान करीत नाही.

मी कसबा बावड्याची. ज्या राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी आमच्या बावड्यातल्या लक्ष्मीविलास राजवाड्यात झाला, त्यांनीच १९०६ साली कोल्हापुरात कापडगिरणीचा पाया घातला. शेतीच्या जोडीला उद्योग हवा, हे या मातीने फार लवकर ओळखले. म्हणून उद्योगाला शिव्या घालणे हा माझ्या लेखाचा हेतू नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथल्या फौंड्रीत बिडाचा रस ओतला जातो, म्हणून हजारो घरांत चूल पेटते. त्यांतले एक घर आमचे. माझे वडील फौंड्रीत मोल्डिंगचे काम करतात, आणि आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझी फी त्या भट्टीतूनच आली आहे, याचे मला भान आहे. धुराचा विषय काढला की वडील म्हणतात, “पोरी, धूर दिसतोय तवर पगार हाय.”

या एका वाक्यात आपल्या देशातली सारी अडचण साठवली आहे. धूर आणि भाकरी यांची गाठ आपण इतकी घट्ट मारून ठेवली आहे की, एक सोडली तर दुसरी सुटेल, असे कष्टकऱ्याला वाटते. पण ही गाठ खरी आहे काय?

अंगण झाडण्यापूर्वी आपली आई पाणी का शिंपडते? धूळ उडू नये म्हणून. भिजलेली धूळ जड होते आणि जमिनीवर बसते. धूर धुण्याचे जे यंत्र कारखान्यात असते, ज्याला स्क्रबर म्हणतात, त्याचे मूळ तत्त्व एवढेच आहे. एका उंच टाकीत खालून धूर वर येतो, वरून पाण्याचे फवारे सुटतात. राखेचे कण पाण्याच्या थेंबांना चिकटून खाली पडतात. वर जाणाऱ्या वायूतले थेंब अडवण्यासाठी शेवटी एक जाळी असते आणि मग तो वायू चिमणीतून बाहेर पडतो. कण फार बारीक असतील तर धूर एका अरुंद गळ्यातून मोठ्या वेगाने नेतात. त्या वेगाने पाणी फुटून त्याचे अतिसूक्ष्म तुषार होतात आणि बारीक कणही सापडतात. याला व्हेंच्युरी स्क्रबर म्हणतात. गंधकाचा आम्लधर्मी वायू नुसत्या पाण्याने पुरेसा धुतला जात नाही. त्यासाठी पाण्यात चुना किंवा कॉस्टिक सोडा मिसळतात. आम्लाला अल्काने मारायचे, हे तर आपण शाळेतच शिकलो.

आपल्या जिल्ह्यात या यंत्राची दोन ठिकाणी मुख्य गरज. फौंड्रीतल्या क्युपोला भट्टीत कोक, चुनखडी आणि लोखंड एकत्र जळते. त्यातून धूळ निघते, गंधकाचा वायू निघतो. दुसरी जागा म्हणजे साखर कारखान्याचा बॉयलर. तिथे उसाचे चिपाड जाळतात आणि हंगामात त्याची काळी राख ऊसपट्ट्यातल्या गावांत वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते. चिपाडावरच्या बॉयलरला धुरातल्या कणांची मर्यादा घनमीटरला १५० मिलिग्रॅम आहे. तासाला ३ टन किंवा त्याहून अधिक क्षमतेच्या क्युपोलालाही १५०. पण त्याहून लहान क्युपोलाला ४५०. म्हणजे भट्टी लहान, तर तिच्या दर घनमीटर धुरात तिप्पट धूळ चालते! लहान उद्योजकाच्या खिशाचा विचार करून ही सवलत दिली असेल, हे मी समजू शकते. पण भट्टीशेजारी राहणाऱ्या माणसाचे फुप्फुस काही तिप्पट मोठे नसते.

यंत्र आहे, तत्त्व सोपे आहे, कायदाही आहे. महाराष्ट्राचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली स्थापन झाले. हवा प्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९८१ चा. मग अडते कुठे? माझ्या मते तीन ठिकाणी.

पहिली गोष्ट, यंत्र असणे आणि यंत्र चालणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्क्रबरचा पंखा वीज खातो, पंप वीज खातो, नळ्या गंजतात, फवाऱ्याची तोंडे बुजतात. यंत्र बंद ठेवले तर पैसे वाचतात आणि रात्रीच्या अंधारात धूर कुणाला दिसत नाही. याचे सर्वांत भीषण उदाहरण भोपाळचे. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात विषारी वायू कॉस्टिक सोड्याने धुणारा स्क्रबर होता. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला, तेव्हा तो कामी आला नाही. एवढ्या मोठ्या लोंढ्यासाठी त्याची क्षमताही नव्हती. उरलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडून ठेवलेला होता. साठा थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. कागदावर सारे संरक्षण हजर होते. हजारो माणसे मात्र झोपेत आणि रस्त्यावर गेली.

दुसरी गोष्ट, धुतलेला धूर नाहीसा होत नाही, तो पाण्यात उतरतो. लंडनच्या बॅटरसी वीज केंद्रात १९३० च्या दशकात टेम्स नदीच्या पाण्याने धूर धुण्याची सोय केली होती. ते धुवण मग नदीतच जाई. आमच्या बावड्याला पंचगंगा आहे, राजाराम बंधारा आहे. पंचगंगेच्या प्रदूषणावर किती मोर्चे निघाले, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. स्क्रबरचे काळे पाणी निवळून पुन्हा वापरले नाही, तळाचा गाळ नीट उचलला नाही, तर आकाशातले पाप नाल्यात जाते एवढेच. एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकण्याला कुणी दान म्हणत नाही.

तिसरी गोष्ट, धूर दूर पाठवला की तो संपला, असे आपण मानतो. युरोपात उंच चिमण्या बांधल्या आणि ब्रिटनचा गंधक नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांत आम्लवर्षा होऊन पडला. आपल्याकडेही अनेक फौंड्र्या आता विजेच्या भट्टीवर गेल्या आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. पण वीज येते कुठून? महाराष्ट्रात ती मोठ्या प्रमाणात कोळशातून येते. शिरोलीचा धूर कमी झाला; त्यातला काही वाटा चंद्रपूरच्या माणसाच्या छातीत गेला. वीज केंद्रांतून निघणाऱ्या गंधकाच्या वायूवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा घातली. मुदती पुन्हा पुन्हा वाढल्या, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना चिमणीच्या उंचीच्या अटीवर त्यातून सूट देण्यात आली. पुन्हा तीच उंच चिमणी!

म्हणजे सारे निराशेचेच आहे काय? तसे नाही. आपल्याच महाराष्ट्रात डहाणूचे उदाहरण आहे. चिकूच्या बागांचा हा तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. तिथल्या ५०० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रातून १९९५ साली वीज निघू लागली. स्थानिक लोक न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. गंधक धुण्याचे यंत्र बसवाच, असे प्राधिकरणाने १९९९ साली बजावले. कंपनीने टाळाटाळ केली, वाद झाले; पण २००७ साली यंत्र बसले. तिथे चुन्याऐवजी समुद्राचे पाणी वापरतात. ते मुळातच किंचित अल्कधर्मी असते. केंद्र बंद पडले नाही, वीजही थांबली नाही. धूर आणि भाकरी यांची गाठ सुटू शकते, याचा हा पुरावा. मात्र ती आपोआप सुटली नाही. लोक आठ वर्षे मागे लागले, तेव्हा सुटली.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर चिमणीचा ताजा आकडा आणि कायद्याची मर्यादा मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहावी. २०१७ साली मंडळाने चिमणीच्या आकड्यांवरून कारखान्यांना १ ते ५ तारे देण्याची योजना सुरू केली. म्हणजे हे अशक्य नाही. लहान फौंड्रीवाल्याला नुसती नोटीस देऊ नये. ज्या जिल्ह्याने सहकारातून ऊस गाळला, दूध गोळा केले, त्याला स्क्रबरची देखभाल आणि गाळाची विल्हेवाट सहकारातून करणे जड नाही. यंत्र बंद असेल तर ते सांगणाऱ्या कामगाराची नोकरी जाणार नाही, अशी हमी मिळावी. कारण चिमणीचा पहिला धूर त्याच्याच नाकात जातो. आणि आपण विद्यार्थ्यांनी? माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. मंडळाचे कार्यालय कोल्हापुरातच आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. एखादे वर्ष परिसरातल्या चिमण्यांचे आकडे मागवून ते भित्तिपत्रकावर लावायला काय हरकत आहे?

वडिलांचे म्हणणे मी खोडून काढत नाही. भट्टी पेटती राहायलाच हवी. फक्त त्यांनी जो पगार घरी आणावा, त्यातला हिस्सा पुढे औषधाच्या दुकानात जाऊ नये, एवढे मागण्याचा हक्क मला त्यांच्या मुलीच्या आणि या देशाच्या नागरिकाच्या, अशा दोन्ही नात्यांनी आहे. नफा मालकाचा, वीज सर्वांची आणि धूर मात्र ज्याचे घर जवळ त्याचा, ही वाटणी न्यायाची नाही. ज्याची भट्टी, त्याचाच धूर; आणि तो धुण्याची जबाबदारीही त्याचीच. ती तो पार पाडतो की नाही, हे पाहण्याचे काम मात्र आपले आहे.

— बी. ए. भाग २